काळा आलेला फोटो

आजी गेली त्याच्या चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला. "अरे, आईचा एक धड फोटो सापडत नाहीये. तेराव्याला भिंतीवर काय लावायचं? मे महिन्यात तुम्ही पोरांनी काढले होते ना?"

काढले होते. दोन होते, एकाच दुपारचे. आजोळच्या पडवीत आजी फणसाचे गरे काढायला बसली होती. चीक चिकटू नये म्हणून हात खोबरेल तेलाने माखलेले, खाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, आणि पाठीमागे मे महिन्यातल्या दुपारचं तळपणारं अंगण. कोणीतरी काहीतरी बोललं आणि आजी हसली. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, मामेभावानेही त्याच क्षणी मोबाइलवर टिपलं. माझ्या फोटोत अंगण, तुळशीवृंदावन, मागचं केळीचं बन सगळं झकास आलं आणि आजी मात्र काळीकुट्ट. नुसता बसलेला आकार. मामेभावाच्या फोटोत चेहरा उजळ होता, पण अंगण पांढरंफटक पडलं होतं आणि त्या पांढऱ्यात आजीचे पांढरे केस आणि उजवीकडचं अर्धं कपाळ विरघळून गेलं होतं.

घरात सगळ्यांचं मत एकच पडलं. "तुझा राहू दे, तो काळा आलाय. याचाच उजेड जरा कमी कर, म्हणजे झालं."

फोटो दुरुस्त करायला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असंच वाटतं. उजळ फोटोत निदान काहीतरी दिसतं, काळ्यात काहीच दिसत नाही, तेव्हा उजळाला आशा जास्त. प्रत्यक्षात नेमकं उलट असतं, आणि ते का, हे कळलं की बिघडलेल्या फोटोंवर वाया जाणारा निम्मा वेळ वाचतो. हे सगळं प्रकरण मी त्या दोन फोटोंच्या आधाराने सांगणार आहे.

पावसाळ्यात पागोळ्यांखाली ओळीने वाट्या मांडून ठेवल्या आहेत असं समजा. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अशा लाखो वाट्यांचं अंगण. शटर उघडं असेतो प्रत्येक वाटीत प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पडत राहतात. शटर मिटलं की कॅमेरा प्रत्येक वाटीत किती जमलं ते मोजतो. ज्या वाटीत थोडंच पाणी आहे तिचंही माप घेता येतं. दोन थेंब असतील तर दोन, दहा असतील तर दहा. पण जी वाटी काठोकाठ भरून वाहून गेली, तिच्यावर जरासा जास्त पाऊस पडला की घागरभर, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. तिचं माप एकच: भरलेली. शेजारच्या पाच वाट्याही भरून वाहिल्या असतील तर सहा वाट्यांचं माप सारखं येतं. फोटोत तिथे एकसारखा पांढरा डाग दिसतो. केस कुठे संपले, अंगण कुठे सुरू झालं, हे सांगणारा फरकच नोंदला गेलेला नसतो.

आमच्या बाजूचे स्टुडिओवाले अशा फोटोला 'जळला' म्हणतात. शब्द अगदी चपखल आहे. काळा आलेला फोटो झाकलेला असतो, जळलेला फोटो गेलेला असतो.

मामेभावाने काय केलं होतं ते सांगतो, कारण मोबाइलवर आपण सगळेच ते करतो. आजीचा चेहरा काळा दिसतोय म्हणून त्याने पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवलं. फोनने त्या जागेपुरता उजेड बरोबर केला आणि बाकी सगळं ओसंडू दिलं. मी उलटं केलं होतं. कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या उजेडाचा अंदाज घेतो आणि तो मधल्या करड्या छटेवर आणून बसवायला बघतो. समोर आजी बसली आहे की आंब्याचं झाड उभं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. फोटोच्या दोन तृतीयांश भागात तळपतं अंगण होतं, मीटरने तेच सांभाळलं. मी कॅमेऱ्याला चेहऱ्यापुरता उजेड मोजायला सांगायला हवं होतं. ते केलं नाही, ही माझी चूक. फक्त ती चूक अंधाराच्या बाजूला झाली आणि फोटो रॉ फाइलमध्ये होता, एवढ्या दोन गोष्टींनी पुढचं सगळं शक्य झालं.

आता रॉ म्हणजे काय ते पाहू. सेन्सरने मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवलेली फाइल म्हणजे रॉ. जेपेग म्हणजे त्याच आकड्यांवर कॅमेऱ्याने रंग, उठाव, धार असे संस्कार करून, मग जागा वाचवण्यासाठी बरंच काही काढून टाकून बनवलेला तयार फोटो. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. पण खरी गंमत या पायऱ्यांच्या वाटपात आहे. फोटोग्राफर उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट उजेड, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. सेन्सर सरळ मोजमाप करतो, त्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपलाच निम्म्या पायऱ्या, म्हणजे ८,१९२ मिळतात. त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, मग १,०२४, ५१२ आणि २५६. अंधाराकडे जावं तसं वाट्याला कमी येतं.

आजीचा चेहरा माझ्या फोटोत जिथे असायला हवा होता त्याच्या साधारण तीन स्टॉप खाली होता, म्हणजे हवा त्याच्या एक अष्टमांश उजेड. हिशेब केला तर तो त्या शेवटच्या, २५६ पायऱ्यांच्या पट्ट्यात येत होता. २५६ पायऱ्यांत एक चेहरा म्हणजे चांगलीच चैन आहे. हाच फोटो मी साध्या जेपेगमध्ये काढला असता तर त्याच पट्ट्याला सोळाच्या आसपास पायऱ्या मिळाल्या असत्या. त्या ताणून चेहरा उजळ केला असता तर गालावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटले असते. काळ्या फोटोतून चेहरा बाहेर काढता येतो की नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळून जातं.

ही धडपड संगणकाबरोबर आली असं मात्र समजू नका. ती फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काचेवरच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार हावऱ्या होत्या. समुद्र नीट यावा इतका वेळ दिला की आकाश जळून कोरं पडायचं. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो केले, त्यातल्या काहींत त्याने सरळ दोन निगेटिव्ह वापरल्या. एक समुद्राची, एक आकाशाची, आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एका कागदावर छापल्या. जे एका फोटोत मावत नाही ते दोन फोटोंत घ्यायचं, ही युक्ती आज आपल्या फोनमध्ये 'एचडीआर' नावाने बसली आहे.

पण मला त्याहून जवळचं उदाहरण वाटतं ते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं. १ नोव्हेंबर १९४१च्या संध्याकाळी अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोत सांता फेच्या दिशेने गाडीने परतत होता. ही तारीखही त्याच्या वहीत नव्हती. फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून खगोलाच्या जाणकारांनी ती पन्नास वर्षांनी काढली. रस्त्याकडेला हर्नांडेझ नावाचं छोटं गाव, छोटं चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस, त्यांच्यावर मावळतीचा शेवटचा तिरपा उजेड आणि वर चंद्र. गाडी थांबवून त्याने आठ बाय दहा इंची अवजड कॅमेरा कसाबसा उभा केला. आणि ऐन वेळी उजेड मोजायचा मीटर सापडेना.

अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरबरोबर उजेडाची अकरा पट्ट्यांत विभागणी करणारी पद्धत त्याआधीच बसवली होती. शून्य म्हणजे गडद काळा, दहा म्हणजे कोरा कागद. चंद्राची चमक किती असते हा आकडा त्याला पाठ होता: दर चौरस फुटाला २५० कँडल. त्याने तो आकडा सातव्या पट्ट्यावर बसवला, तोंडी हिशेब केला आणि एफ/३२वर एक सेकंद शटर उघडं ठेवलं. दुसरा फोटो घ्यायची तयारी करेपर्यंत क्रूसांवरचा उजेड निघून गेला होता.

चंद्र सांभाळला गेला, पण खालची जमीन अंधारात राहिली. निगेटिव्हचा तो भाग इतका विरळ होता की त्यातून प्रिंट काढणं म्हणजे कसोटी. अ‍ॅडम्सने सात वर्षं ती कसोटी दिली आणि मग १९४८मध्ये एक धाडस केलं. मुळात एकच असलेल्या त्या निगेटिव्हचा खालचा भाग त्याने चांदी दाट करणाऱ्या रसायनात धरला. त्या रसायनाचा गुणधर्म असा की जिथे आधीची चांदी आहे तिथेच ते भर घालतं. जिथे प्रकाशाने काहीच ठेवलेलं नाही, तिथे ते काही उभं करू शकत नाही. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हे चित्र आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोंपैकी एक आहे आणि त्याच्या मागे अर्धवट प्रकाश मिळालेली एक निगेटिव्ह आहे.

संगणकावरची 'शॅडोज' नावाची पट्टी मी जेव्हा जेव्हा उजवीकडे सरकवतो, तेव्हा मला ते रसायन आठवतं. ही पट्टी तेच करते. आहे त्याला दाट करते.

तर कामाला सुरुवात. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून फोटो उघडला आणि आधी हिस्टोग्राम पाहिला. डोंगररांगेसारखा तो आलेख फोटोत कुठल्या उजेडाचे किती ठिपके आहेत ते दाखवतो. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. माझ्या फोटोत डावीकडे एक बुटका ढीग होता, म्हणजे आजी आणि पडवी, आणि उजवीकडे उंच शिखर, म्हणजे अंगण. महत्त्वाची गोष्ट अशी की डावा ढीग भिंतीला टेकला नव्हता. भिंत आणि ढीग यांच्यात बोटभर फट होती. ती फट दिसली तेव्हाच मी मावशीला फोन करून सांगितलं, होईल.

मामेभावाच्या फोटोचा आलेख उजव्या भिंतीवर जाऊन आपटला होता. कपाळाच्या त्या भागावर कर्सर नेला तर लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५च्या आसपास. एक्स्पोजर कमी केलं की पांढऱ्याचं करडं होतं, एवढंच. चुना लावलेल्या भिंतीवर सावली पडल्यासारखं. कडेला, जिथे कपाळ जळून संपत होतं, तिथे कातडी पिवळट झाली होती. त्यालाही कारण आहे. आपल्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त, निळा सगळ्यात कमी. उजेड वाढत गेला की लाल आधी काठाला लागतो, मग हिरवा, आणि उरलेला रंग पिवळा दिसतो.

याच कारणाने एक वाट मात्र उघडी राहते, ती करून पाहण्यासारखी आहे. निळा सगळ्यात शेवटी भरतो, म्हणून कधी कधी एकट्या निळ्या चॅनेलमध्ये चेहऱ्याचा उतार शिल्लक असतो. त्यावरून कृष्णधवल फोटो करता येतो. मी तो प्रयत्न केला. भुवईच्या वर अगदी थोडा उतार सापडलाही. पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून चार गटांत फिरून माझ्याकडे आला होता. जेपेग करताना चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि रंगांचा तपशील सगळ्यात आधी कमी करतात. निळ्यात मला कपाळाऐवजी ते चौकोनच जास्त दिसले. फोटो कुणाकडून मागवायचा असेल तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एवढ्या एका सवयीने पुष्कळ काही वाचतं.

पुन्हा माझ्या फोटोकडे. उजेड वाढवण्याआधी मी रंग लावून घेतला, कारण अंधार उचलला की त्यात दडलेली रंगाची झाकही त्याबरोबर उचलली जाते. पडवीत आलेला उजेड आकाशाचा निळसर आणि केळीच्या पानांवरून आलेला हिरवट होता. तसाच चेहरा वर काढला असता तर आजी आजारी दिसली असती. फोटोत पांढरं किंवा करडं असं काहीतरी शोधून त्यावर व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर टेकवायचं असतं. फणसाखालचं वर्तमानपत्र कामी आलं. त्याचा कागद जरा पिवळट असतो म्हणून नंतर रंग थोडा उबेकडे सरकवला, पण सुरुवात तिथून झाली.

मग सगळा फोटो एक स्टॉप वर घेतला आणि 'हायलाइट्स' खाली ओढून अंगण जागेवर आणलं. नवशिक्या इथे अधीर होतो. एक्स्पोजरची एकच पट्टी तीन स्टॉप सरकवतो, अंगण जळतं, मग सगळंच दाबतो, आणि शेवटी पडवी आणि अंगण सारख्याच उजेडात दिसायला लागतात. डोळ्याला ते लगेच खोटं वाटतं. पडवीत बसलेलं माणूस उन्हापेक्षा काळोखं दिसतंच, ते तसंच दिसलं पाहिजे. म्हणून उरलेला उजेड मी मास्क करून फक्त पडवीला आणि त्यातही वेगळा चेहऱ्याला दिला, आणि मुद्दाम अर्धा स्टॉप कमी ठेवला. चेहऱ्यावर मऊ कडेचा ब्रश, कमी जोराने, चार-पाच हात. केसांच्या कडेला तो ब्रश जरा बाहेर गेला तर डोक्याभोवती उजेडाचं कडं तयार होतं, तसबिरीतल्या देवाच्या प्रभावळीसारखं. ते मी दोनदा पुसून पुन्हा केलं.

डार्करूममध्ये हे काम तारेच्या टोकाला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने व्हायचं. एन्लार्जरच्या उजेडात तो तुकडा चेहऱ्यावर हलता धरायचा, म्हणजे कागदावर तेवढा भाग उजळ राहतो. हात स्थिर ठेवला तर कडा उमटते, म्हणून सतत हलवत राहायचं. ब्रशची मऊ कडा म्हणजे तो हलता हात.

इथे आणखी एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. आजी सावळी होती. फोटो उजळ करणं आणि माणूस गोरा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या सर्रास एक समजल्या जातात. लग्नाच्या अल्बमपासून पासपोर्टच्या फोटोपर्यंत न विचारता चेहरा गोरा करून देण्याची पद्धत आहे. या पक्षपाताला परदेशातलाही इतिहास आहे: रंगीत प्रिंट जुळवण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना जी नमुना-कार्डं पाठवत असे, त्यांवर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. चेहरा किती उजळायचा हे मी आजीच्या हातांवरून ठरवलं. तेल लागलेले हात अंगणाच्या जास्त जवळ होते, त्यांच्यावर खरा उजेड होता. चेहरा हातांच्या जोडीला आला, तिथे थांबलो.

आता या सगळ्याची किंमत. चेहरा वर आला तसे त्यावर बारीक दाणे आणि जांभळे-हिरवे ठिपकेही वर आले. याला नॉइज म्हणतात आणि हा काही सगळा कॅमेऱ्याचा दोष नाही. प्रकाश स्वतःच पावसाच्या थेंबांसारखा अनियमित पडतो. एका वाटीत सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्षात शंभर इकडे किंवा तिकडे, म्हणजे एक टक्का. सरासरी शंभरच पडणार असतील तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के. कमी प्रकाश म्हणजे जास्त डळमळ. हा निसर्गाचाच हिशेब आहे, कुठलाही महागडा कॅमेरा तो चुकवत नाही. फक्त एक उपाय आहे: पुष्कळदा मोजायचं. नऊ फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढली तर डळमळ एक तृतीयांश होते. गूगलच्या संशोधकांनी २०१६मध्ये मोबाइलसाठीची अशी पद्धत सविस्तर मांडली. त्यात फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, तेही मुद्दाम काळे, म्हणजे काहीच जळू नये, आणि मग ते जुळवून अंधार वर उचलतो. म्हणजे त्यांनीही चूक करायचीच तर ती काळ्या बाजूला असू द्यावी, असंच ठरवलं.

माझ्याकडे एकच फोटो होता. रंगीत ठिपके काढून टाकणं सोपं, ते मी पूर्ण काढले. उजेडाच्या दाण्यांना मात्र सांभाळून हात लावावा लागतो. नॉइज काढणारी आज्ञा जरा जास्त दिली आणि चेहरा गुळगुळीत झाला, छान वाटला, मी पुढच्या कामाला लागणारच होतो. मग शंभर टक्के आकाराला मोठा करून पाहिला. आजीच्या कपाळावर गोंदण होतं, मध्ये उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. रेघ होती, ठिपके गेले होते. प्रोग्रॅमने त्यांना नॉइज समजून पुसलं होतं. डोळ्यांखालच्या सुरकुत्याही अर्ध्या झाल्या होत्या. आज्ञा मागे घेतली, निम्म्याहून कमी केली, दाणे राहू दिले. गोंदण परत आलं.

मामेभावाने तोवर आपल्या फोटोवर नव्या बुद्धिमान साधनाचा प्रयोग केला होता. जळलेला भाग निवडायचा आणि भरून द्यायला सांगायचं. क्षणात कपाळ भरून आलं, केसही आले. मला दाखवलं तेव्हा घरातले सगळे भोवती उभे होते. कपाळ फार सुरेख होतं. नितळ, गोल, एक सुरकुती नाही, आणि गोंदणाच्या उजव्या ठिपक्याच्या जागी काहीच नाही. ते कपाळ कुणाचंच नव्हतं. असंख्य फोटोंवर शिकलेल्या साधनाने 'इथे म्हातारीचं कपाळ असावं' असा अंदाज बांधला होता. ही साधनं मी वापरत नाही असं नाही. मागचा विजेचा खांब काढायला, फाटलेली कडा जुळवायला ती उत्तम. पण माणसाच्या चेहऱ्यावर, आणि त्यातही गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, मी ती चालवणार नाही. मामेभावालाही पटलं. त्याने ती फाइल स्वतःच काढून टाकली.

कुठला प्रोग्रॅम वापरावा हा प्रश्न मला नेहमी विचारतात, त्याचं उत्तर थोडक्यात देतो. टॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९०मध्ये बाजारात आलं, लाइटरूम २००७मध्ये. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही मोफत आहेत आणि वर सांगितलेलं प्रत्येक काम त्यांत होतं. मोबाइलवर स्नॅपसीड पुरे. पट्ट्यांची नावं इकडची तिकडे होतात, पण वाट्या, पाऊस आणि हिशेब तोच राहतो.

शेवटची दोन कामं राहिली होती. अंधार उचलला की काळ्याचाही करडा होतो आणि सगळ्या फोटोवर दुधाचा पातळ थर आल्यासारखा वाटतो. म्हणून 'ब्लॅक्स' खाली घेऊन विळ्याच्या मुठीची सावली पुन्हा काळी केली, तेवढ्याने फोटोत जीव आला. आणि प्रिंट. पडदा आतून उजळलेला असतो, कागद खोलीतला उजेड परत फेकतो, त्यामुळे पडद्यावर बरोबर दिसणारा फोटो कागदावर हमखास काळोखा येतो. लॅबमध्ये आधी चेहऱ्याची एकच पट्टी थोड्या-थोड्या फरकाने तीनदा छापून घेतली. तिन्ही पट्ट्या घेऊन दारात, दिवसाच्या उजेडात उभं राहिलो आणि मधली निवडली.

फ्रेमवाला म्हणाला, नुसता चेहरा घेऊ, बाकीचं कापू, तसबीर तशीच करतात. प्रिंट मावशीच्या हातात होती. ती चेहऱ्याकडे बघून झाल्यावर डावीकडच्या पडवीच्या भिंतीकडे बघत होती. मूळ फोटोत तिथे सपाट काळं होतं. मी पडवी उचलली तेव्हा भिंतही वर आली होती, आणि तिच्यावर एक खुंटी, आणि खुंटीला टांगलेली, मूठ झिजलेली लांब काळी छत्री. आजोबांची. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती छत्री तिथून कधी हलली हे घरात कुणालाच आठवेना.

"कापू नका," मावशी फ्रेमवाल्याला म्हणाली. "आहे तेवढा सगळा राहू दे."